चारशे सीसीची गाडी, एका पायरीचा परवाना

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी. मुहूर्ताच्या दिवशी मोटरसायकलच्या शोरूमसमोर एकच दृश्य असते. नव्या गाडीला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आई गाडीला ओवाळते, वडील हप्त्याच्या कागदांवर सह्या करतात आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किल्ली हातात घेऊन फोटोला उभा राहतो. त्याच सणाच्या रात्री कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात दुसरी रांग लागलेली असते. तिथे वय साधारण तेच, हातातली किल्ली मात्र पोलिसांनी पंचनाम्यासाठी घेतलेली.

या दोन दृश्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवी गाडी आली आहे. साडेतीनशे ते चारशे सीसीची ‘नेकेड’ मोटरसायकल. पूर्वी अशी ताकद मोजक्या हौशी लोकांच्या, महागड्या परदेशी गाड्यांत असे. आता ती हप्त्यावर मिळते. हा बदल वाहन उद्योगासाठी आनंदाचा आहेच. पण त्याची आरोग्याच्या अंगाने चर्चा फारशी होत नाही.

गाडी काय आहे?

नेकेड म्हणजे इंजिन आणि सांगाड्यावर प्लास्टिकचे आवरण नसलेली, वारा कापणारी काच नसलेली, रुंद हँडलची गाडी. चालवणारा ताठ बसतो. शर्यतीच्या गाडीसारखे टाकीवर ओणवे व्हावे लागत नाही. शहरातल्या गर्दीत वळायला सोपी, दिसायला रांगडी.

या वर्गातल्या दोन ठळक गाड्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. केटीएम ३९० ड्यूक ही मूळ ऑस्ट्रियन कंपनीची गाडी २०१३ पासून भारतात विकली जाते. २०२३ मध्ये तिचे इंजिन ३७३ वरून ३९९ सीसीचे झाले. ताकद सुमारे ४५ अश्वशक्ती, वजन १६८ किलोच्या आसपास, किंमत तेव्हा शोरूममध्ये सुमारे ३ लाख ११ हजार रुपये. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही ब्रिटिश नावाची गाडीही बजाजच्या सहकार्याने इथेच बनते. तिची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, वजन १७६ किलो आणि सुरुवातीची किंमत २ लाख ३३ हजार.

हे आकडे नुसते वाचून अंगावर काटा येत नाही, म्हणून रोजच्या गाडीशी तुलना करावी. दूधवाल्यापासून शिक्षकांपर्यंत सगळे वापरतात ती १०० सीसीची गाडी सुमारे ८ अश्वशक्तीची आणि ११० किलोच्या घरातली असते. सत्तर किलोचा माणूस बसला असे धरले, तर प्रत्येक किलोमागे ड्यूककडे चौपटीहून जास्त ताकद असते. उभ्या गाडीपासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला सहा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि ती ताशी १६० च्या पुढे जाते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल वेगमर्यादा चौपदरी महामार्गावर ८० आणि शहरात ६० आहे. म्हणजे गाडीची अर्धी क्षमता देशातल्या कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीरपणे वापरताच येत नाही.

वेग वाढतो, मेंदू तोच

समोर अचानक म्हैस आली, रिक्षा वळली, कुणी मोटारीचे दार उघडले. डोळ्यांनी पाहणे, मेंदूने धोका ओळखणे आणि हाताने ब्रेक दाबणे, यात सावध माणसाचाही जवळजवळ एक सेकंद जातो. गाडी कितीही आधुनिक असो, हा सेकंद कमी होत नाही. ताशी ६० च्या वेगात त्या सेकंदात गाडी १७ मीटर पुढे जाते, १०० च्या वेगात २८ मीटर.

ब्रेक लागल्यानंतरचा हिशेब याहून कठोर आहे, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरडा डांबरी रस्ता, उत्तम टायर आणि कसलेला हात असे सगळे अनुकूल धरले, तर ६० च्या वेगातली गाडी धोका दिसल्यापासून साधारण ३६ ते ३७ मीटरवर थांबते. १०० च्या वेगातल्या गाडीला सुमारे ८३ मीटर लागतात.

आता त्याच दोन गाड्या शेजारून धावत आहेत आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबले असे समजू. जिथे ६० वाली गाडी पूर्ण थांबली, तिथे १०० वालीचा वेग अजून किती असेल? बहुतेकांचे उत्तर ४० असे येते. गणित सांगते, सुमारे ९२. त्या चालकाचा सुरुवातीचा जवळजवळ सगळा वेग तसाच शिल्लक असतो. ताशी ९२ च्या वेगाने कठीण वस्तूवर आदळणे म्हणजे दहा मजली इमारतीवरून पडणे. ताशी ४० ची धडक ही दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी. माणसाची हाडे, यकृत, प्लीहा आणि मेंदू दोन्ही वेळी तेच असतात.

यात वयाचा भाग आहे. धोका तोलणारा, ‘आता थांब’ असे सांगणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. थरार आणि मित्रांची शाबासकी यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र त्याआधीच जोरात असते. यात मुलांचा स्वभावदोष नाही, ही वाढीची पायरी आहे. म्हणूनच या वयात हातात काय दिले जाते, याला महत्त्व आहे.

ब्रेकमधले शहाणपण

या गाड्यांची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुरक्षिततेच्या बाबतीत त्या बऱ्याच लहान गाड्यांपेक्षा पुढे आहेत.

मोटरसायकलचे पुढचे चाक फिरत असेपर्यंतच तिचा तोल सावरता येतो. घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक जागीच अडकते, गाडी घसरते आणि चालक क्षणात जमिनीवर येतो. एबीएस हे टाळते. चाक अडकणार असे संवेदकाला कळताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडला आणि धरला जातो. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली, तेव्हा एबीएस असलेल्या गाड्यांच्या जीवघेण्या अपघातांचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी आढळले. एका सुट्या भागाने एवढा फरक पडणे, ही आरोग्याच्या दृष्टीने मोठी कमाई आहे.

ड्यूकमध्ये याच्या पुढची पायरी आहे. गाडी वळणात किती कलली आहे हे ओळखून त्याप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवला जातो. मागचे चाक ओल्या रस्त्यावर गरगरू लागले तर इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते. स्पीड ४०० मध्येही दोन्ही चाकांना एबीएस आणि चाक घसरू न देणारी यंत्रणा आहे.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही यंत्रणा टायर आणि रस्ता यांच्यातली पकड वाढवत नाही. असलेली पकड नीट वापरते. वळणावर पसरलेली खडी, पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगणारे तेल, उसाच्या ट्रॉलीतून पडलेला पाला, यांपुढे तिचे फारसे चालत नाही. दुसरी, ड्यूकमध्ये ‘सुपरमोटो’ नावाची सोय आहे. ती मागच्या चाकाचे एबीएस बंद करते. बंदिस्त ट्रॅकवर मागचे चाक मुद्दाम सरकवण्यासाठी ती दिली आहे. कॉलेजच्या रस्त्यावर ती लावून चालवणे म्हणजे पैसे मोजून घेतलेले कवच स्वतःच्या हाताने उतरवणे.

आणि एक जुनी सवय. १०० सीसीच्या गाडीवर शिकणाऱ्याला घरातले वडीलधारे सांगतात, ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील.’ ड्रम ब्रेकच्या गाड्या आणि खडीचे रस्ते होते, तेव्हा हा सल्ला अनुभवातून आला होता. पण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट होते. तीन लाखांच्या गाडीवर बसून आजोबांच्या काळचा ब्रेक लावणारे तरुण कमी नाहीत. दोन्ही ब्रेक एकत्र, वाढत्या दाबाने लावणे हे शिकावे लागते. मोकळ्या मैदानात, कमी वेगात, पुन्हा पुन्हा.

उघडी गाडी, उघडे शरीर

नेकेड गाडीची बैठक मणक्याला तुलनेने बरी असते. कंबर सरळ राहते, मनगटांवर शरीराचा भार येत नाही, मान वर न ताणता समोरचे दिसते. वारा अडवणारे काही नसल्याने तो थेट छातीवर येतो. वेग ६० वरून १२० झाला की हा दाब चौपट होतो. मान, खांदे आणि बोटे थकतात, दूरच्या प्रवासात लक्ष उडू लागते. पण यात एक गुणही आहे, वेग किती आहे हे शरीराला कळत राहते. थकवा जाणवला की थांबणे, दर तासा-दीड तासाने उतरून पाणी पिणे, हाच त्यावर उपाय.

दुचाकीच्या अपघातात सर्वाधिक दुखापत पायांना होते. नडगीचे हाड पुढच्या बाजूने केवळ कातडीखाली असते. तिथे मांसाचे आच्छादन नाही, रक्तपुरवठाही बेताचा. त्यामुळे ते मोडताना अनेकदा कातडी फाडून बाहेर येते, जखमेत माती जाते, जंतुसंसर्ग होतो. हाड जुळायला महिने लागतात, कधी तीन-चार शस्त्रक्रिया. कमावता तरुण वर्षभर घरी बसतो आणि गाडीचे हप्ते चालूच असतात. चप्पल घालून ४५ अश्वशक्तीची गाडी चालवू नये, हे सांगण्यामागे ही शरीररचना आहे. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड पँट आणि हातमोजे यांचा एकत्रित खर्च एका शस्त्रक्रियेपेक्षा खूपच कमी.

मागे बसणाऱ्याचा विचार तर या गाड्यांच्या रचनेत सर्वात शेवटी होतो. मागची सीट उंच, आखूड आणि निमुळती असते. चालकाला गाडी कधी झेपावणार हे ठाऊक असते, मागच्याला नसते. मागे धरण्यासाठी हँडल, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. ‘लूक बिघडतो’ म्हणून ते आवरण, म्हणजे ‘साडी गार्ड’, काढून टाकले जाते आणि एखाद्या दिवशी ओढणी किंवा पदर चाकात जातो.

डोक्याचा हिशेब

हेल्मेटच्या इतिहासात एक प्रसिद्ध रुग्ण आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडले. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना त्यांचा तोल गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी, १९ मे रोजी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे लष्करातील मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून ब्रिटिश लष्करात हेल्मेट आले. सामान्य नागरिकांसाठी तिथे सक्ती व्हायला १९७३ उजाडले.

हेल्मेट काय करते, हे शाळेतल्या गणितानेही कळते. उभ्या माणसाच्या उंचीवरून डोके जमिनीवर आदळले आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट धक्का बसतो. आत अडीच सेंटीमीटर थर्माकोलसारखा फोम दबला, तर तोच धक्का साठ-पासष्टपटीवर येतो. हेल्मेटचे बाहेरचे कवच चकचकीत दिसते, पण जीव वाचवणारा भाग म्हणजे आतला दबणारा फोम. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्याच्या आधी रस्त्यावर जाते. जगभरच्या अभ्यासांच्या ‘कॉक्रेन’ आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्क्यांमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले.

अपघात विभागात वारंवार दिसणारी एक चूक इथे सांगायला हवी. मुलगा पडतो, काही क्षण बेशुद्ध होतो, मग उठून बोलतो, पाणी मागतो. ‘काही झाले नाही’ म्हणून मित्र त्याला घरी नेतात. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यात रक्त साठत असेल, तर काही तासांनी डोके प्रचंड दुखते, उलट्या होतात, माणूस झोपाळू होतो. तोपर्यंत मौल्यवान वेळ गेलेला असतो. क्षणभरही शुद्ध हरपली असेल तर रुग्णालयात तपासणी झालीच पाहिजे. जखमीला पाणी पाजू नये, हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये, १०८ ला फोन करावा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळण्याची तरतूद आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्यापासून कायद्याचे संरक्षणही आहे.

धोरणाची रेषा कुठे?

गेल्या काही काळात सरकारने दुचाकीबाबत दोन रेषा आखल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. ही रेषा चैन आणि गरज यांच्यातली आहे, धोक्याची नाही. वळणातही काम करणारे ब्रेक असलेली गाडी महाग कराच्या बाजूला पडली आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस असलेल्या वेगवान गाड्या स्वस्त झाल्या. दुसरी रेषा एबीएसची. सध्याच्या नियमात ते १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना सक्तीचे आहे. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने लहान गाड्यांनाही ते लावण्याचा आणि नव्या गाडीबरोबर दोन हेल्मेट देण्याचा मसुदा काढला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

तिसरी रेषा मात्र आखलीच गेलेली नाही, ती परवान्याची. भारतात अठरा वर्षे पूर्ण झाली, शिकाऊ परवान्याचे ३० दिवस झाले आणि आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला की ‘गिअरसहित मोटरसायकल’ असा एकच परवाना मिळतो. त्यावर ८ अश्वशक्तीची गाडी चालवता येते आणि २०० अश्वशक्तीचीही.

युरोपात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉट. अठराव्या वर्षानंतर ‘ए-टू’ परवाना, ज्यात गाडीची ताकद ३५ किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीच्या आत हवी. दोन वर्षे ती चालवल्यावरच पुढच्या परीक्षेला बसून मोठी गाडी. थेट मोठ्या गाडीचा परवाना हवा तर साधारणपणे वय २४. चारशे सीसीच्या या गाड्यांची ताकद ४५च्या आसपास थांबते, ती याच मर्यादेत बसते. चाकणहून निर्यात होणारी गाडी तिकडे पायरी चढून आलेल्या चालकाच्या हाती जाते. तीच गाडी इथे काल १०० सीसीवर आठ काढलेल्या मुलाच्या हाती येते.

पायरीच्या परवान्याला मोठा खर्च नाही. ताकदीनुसार दोन गट, वरच्या गटासाठी वर्ष-दोन वर्षांचा अनुभव आणि अचानक ब्रेक लावण्याची प्रत्यक्ष चाचणी, एवढे पुरेसे आहे.

कायदा बदलेपर्यंत ही पायरी घरातच घालावी लागेल. मुलाने निदान वर्षभर लहान गाडी नीट चालवली आहे का? त्याला दोन्ही ब्रेक एकत्र लावता येतात का? गाडीच्या किमतीत पूर्ण तोंड झाकणारी, आयएसआय खुणेची दोन हेल्मेटे, बूट आणि हातमोजे धरले आहेत का? साडी गार्ड आणि मागचे हँडल जागेवर आहे का? हे चार प्रश्न हप्त्याच्या कागदांवर सही करण्याआधी विचारायचे आहेत. उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी पुढच्या दसऱ्याला घ्यावी. मुहूर्त दरवर्षी येतो.